वऱ्हाडचा कापूस आणि यंत्रयुग

(कौंडण्यपूर येथें शेतकरी मंडळींच्या सभेंत एका ग्रामशिक्षकानें केलेलें भाषण)



यंत्रयुगांत शेती कशी बदलली, या विषयावर चार शब्द बोलावे अशी मला आज्ञा झाली आहे. विषय मोठा आहे, आणि त्याचा पसारा इंग्लंड-अमेरिकेपर्यंत आहे. परंतु तो समजून घेण्यास आपल्याला लांब जाण्याचें कारण नाहीं. आपल्या शिवारांतली पऱ्हाटी हेंच त्याचें पुस्तक आहे. म्हणून आज मी कापसाचीच हकीकत सांगणार आहें, आणि तिच्यांतून एकच गोष्ट आपल्या मनावर ठसवणार आहें. ती अशी कीं, यंत्र हें शेतकऱ्याचें वैरीहि नाहीं आणि सोयरेंहि नाहीं. तें ज्याच्या मालकीचें, त्याचें चाकर आहे. गेल्या पावणेदोनशें वर्षांत कापसाच्या धंद्यांत जें जें नवें यंत्र आलें, त्याचा धनी दुसरा कोणी झाला आणि नुकसानीचा धनी मात्र शेतकरीच राहिला. हें कसें घडलें तें कळल्याशिवाय त्यावरचा उपाय सुचणार नाहीं.

कित्येकांना जुना काळ म्हणजे रामराज्य वाटतें. मी तसें म्हणणार नाहीं. निजामाच्या अमलांत वऱ्हाडची सारावसुली मक्त्यानें दिली जाई. मक्तेदार आज आहे तर उद्यां नाहीं, म्हणून हातीं असेल तोंवर तो रयतेला पिळून घेई. पेंढाऱ्यांनीं गांवें लुटलीं. १८०३ च्या दुष्काळानें कित्येक गांवें ओस पाडलीं. बलुत्याच्या पद्धतींत जातिभेदाचा जाच होता, आणि ज्याचे कष्ट अधिक त्याचा वांटा कमी असाच पुष्कळदां प्रकार होता. तेव्हां त्या काळाला आरती ओवाळण्याचें कारण नाहीं. पण त्या काळीं शेतकऱ्याच्या घरीं काय काय होतें याची मोजदाद मात्र केली पाहिजे, कारण पुढें तेंच एकेक करून घराबाहेर गेलें.

शेतांत ज्वारी मुख्य असे. तिच्या जोडीला तूर, मूग, जवस आणि कापूस. ज्वारी जमिनींत खणलेल्या पेवांत भरून ठेवीत. एखादें साल बुडालें तर मागल्या पेवावर घर निभावून जाई. कापूस वेचून घरीं आला कीं बाया रेच्यावर त्याची सरकी काढीत. त्यांतली निवडक सरकी पुढल्या पेरणीसाठीं राही, बाकीची बैलांच्या व दुभत्या जनावरांच्या तोंडीं जाई. रुईचें सूत घरोघर निघे, आणि कोष्टी, साळी किंवा जाडेंभरडें कापड विणणारे महार बांधव त्याचें लुगडें, धोतर, पासोडी विणीत. नांगर-वखर गांवचा सुतार करी, फाळ लोहार करी. शेणखत गोठ्यांतलें, बैल गोऱ्ह्यापासून वाढविलेला. उरलेली रुई लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून पांचशें मैलांवर गंगेकाठच्या मिर्झापुरापर्यंत जाई. पुढें १८२५ च्या सुमारास पेस्तनजींच्या पारशी पेढीनें मुंबईचा रस्ता धरला. म्हणजे कापूस तेव्हांहि परगांवीं विकला जाई. पण बियाणें, खत, जोत, अवजार, अन्न आणि वस्त्र या सहा गोष्टी घरच्या नाहींतर गांवच्या होत्या. हें सहाचें गणित ध्यानांत ठेवा.

आतां त्याच सुमारास सातासमुद्रापलीकडे काय चाललें होतें तें पाहूं. १७६९ सालीं इंग्लंडांत आर्कराइटनें सूत काढण्याच्या पाणयंत्राचा हक्क नोंदवला, आणि त्याच सालीं जेम्स वॅटनें सुधारलेल्या वाफेच्या एंजिनाचा. पुढें हीं दोन्हीं एकत्र आलीं आणि मँचेस्टरभोंवतीं गिरण्यांचें जंगल उभें राहिलें. त्या गिरण्यांना कापूस पुरेना. १७९३ सालीं अमेरिकेंत एली व्हिटने नांवाच्या गृहस्थानें सरकी काढण्याचें यंत्र केलें. आपल्याला वाटेल कीं यंत्रानें काम हलकें केलें, तेव्हां मजुराचे कष्ट कमी झाले असतील. झालें उलटेंच! जमीनदारांनीं कपाशीचीं शेतें वाढविलीं, आणि आफ्रिकेंतून धरून आणलेल्या माणसांची गुलामी अधिकच पक्की झाली. यंत्र जमीनदाराचें होतें, म्हणून फायदाहि जमीनदाराचाच झाला. महात्मा जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतली गुलामी मोडणाऱ्या सज्जनांना अर्पण केलें. त्या गुलामाला आणि वऱ्हाडच्या कुणब्याला एका सूत्रांत बांधणारा धागा कापसाचाच होता.

आतां आपल्या नदीकडे या. रुक्मिणीमातेचें माहेर म्हणून ज्या गांवाला दुरून यात्रा येते त्या आपल्या गांवाशेजारून ही वर्धा वाहते. एके काळीं हा कांठ निजामाचा आणि समोरचा कांठ नागपूरकर भोसल्यांचा होता. १८५३ सालीं फौजेच्या खर्चाच्या कर्जापोटीं निजामानें वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवालीं केला. पुढल्याच सालीं, म्हणजे १८५४ त, भोसल्यांचें राज्य खालसा झालें. एका वर्षाच्या आंत नदीचे दोन्हीं कांठ एकाच धन्याचे झाले. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना अमेरिकेच्याच कापसावर अवलंबून राहण्याची भीति वाटत होती, आणि त्यांचा डोळा या काळ्या जमिनीवर होता.

ती भीति लवकरच खरी ठरली. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, दक्षिणेकडचीं बंदरें कोंडलीं गेलीं आणि इंग्लंडच्या गिरण्या बंद पडूं लागल्या. मग वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला कीं तसा पूर्वीं कोणीं पाहिला नव्हता. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आपण मिरवतों. पण कुऱ्हाड सोन्याची असली तरी पायावर पडली कीं जखम व्हायचीच. १८६५ सालीं युद्ध संपलें, अमेरिकेचा कापूस पुन्हां बाजारांत आला आणि भाव कोसळले. तेजीच्या भरंवशावर ज्यांनीं कर्ज काढलें होतें त्यांचें कर्ज मात्र कोसळलें नाहीं. वऱ्हाडच्या शेतकऱ्याचा जगाच्या बाजाराशीं झालेला हा पहिला मोठा परिचय. ज्या लढाईंत आपला कोणी लढत नव्हता तिनें आपला भाव चढविला, आणि जो तह आपण केला नव्हता त्यानें तो पाडला.

त्यानंतर यंत्रें भराभर आलीं. १८६७ सालीं मुंबईची आगगाडी बडनेऱ्यावरून नागपुरास पोंचली. १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला. १८७० सालीं खामगांवची रेल्वेशाखा उघडण्यास खुद्द गव्हर्नर-जनरल लॉर्ड मेयो आले, आणि त्याच सालीं समुद्राखालून घातलेल्या तारेनें मुंबई इंग्लंडशीं जोडली गेली. लिव्हरपूलच्या बाजारांत 'ऊमरा' या नांवानें कापूस विकला जाई. तें नांव आपल्या उमरावतीचें, म्हणजे अमरावतीचें. पण पाहा, नांव आपलें गेलें तरी तार आपल्या हातीं आली नाहीं. लिव्हरपूलचा भाव खामगांवच्या व्यापाऱ्याला तारेनें कळे, आणि गाडी जुंपून आलेल्या शेतकऱ्याला व्यापारी सांगेल तेवढाच कळे. दोघे एकाच बाजारांत उभे असत, पण एकाला डोळे होते आणि दुसरा आंधळा होता.

आतां एक गोष्ट मुद्दाम ऐका. वऱ्हाड व मध्यप्रांत यांसाठीं सरकारनें एक कापूस-कमिशनर नेमला होता. त्याचें नांव रिव्हेट-कार्नाक. १८६९ च्या सुमारास त्यानें आपल्या अहवालांत आपली आशा उघड मांडली. रेल्वेची शाखा आली म्हणजे विलायती कापड येथें इतकें स्वस्त येईल कीं गांवठी कापड त्यापुढें टिकणार नाहीं. मग जो कापूस येथें सूत काढण्यांत खर्च होतो तो परदेशीं धाडतां येईल, आणि सूत काढणारीं व विणणारीं माणसें रिकामीं होऊन शेतमजुरीला मिळतील. त्यांच्या हातून पडीत रान मोडून कापूस वाढवतां येईल. असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. शेतीला मजूर कोठून आले, असें कोणी विचारलें तर त्याला हें सांगा. कोष्टी, साळी आणि महार यांचे माग नशिबानें बंद पडले नाहींत. लमाणांचे तांडे आळसानें बसले नाहींत. रेल्वेनें त्यांचें ओझें पळवलें. ज्याचा धंदा गेला तो आपल्या बांधावर मजूर म्हणून आला, आणि आपण त्याला 'हलका' म्हणूं लागलों. ज्यानें कालपर्यंत आपल्या आईच्या अंगावरचें लुगडें विणलें त्याला हलका म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणीं दिला? सहांतलें वस्त्र घरांतून गेलें तें असें.

मग बियाणें गेलें. वाफेवरचीं जिनें आणि दाबाच्या प्रेस खामगांव, अकोला, अमरावती अशा पेठांतून उभ्या राहिल्या. रेच्यावर दिवसभर जें काम होई तें जिनांत घटकेंत होऊं लागलें. बायांच्या हाताचे घट्टे गेले, हें मी नाकारीत नाहीं. पण रेचा घरचा होता आणि जिन शेठजीचें होतें. शेतकरी सरकीसकट कापूस विकूं लागला आणि पेरणीच्या वेळीं तीच सरकी जिनवाल्याकडून विकत आणूं लागला. जिनांत दहा गांवांचा कापूस एकत्र पडे, त्यामुळें दहा जातींची सरकी एकत्र होई. या भेसळीनें वाण बिघडत गेले. आपल्या भागांत 'बनी' नांवाची कपाशी होई. तिचा धागा लांब व मऊ, पण रुईचा उतारा कमी आणि पीक उशिरां येणारें. बाजाराला वजन हवें होतें, आणि धाग्याच्या गुणाचे वेगळे पैसे शेतकऱ्याच्या पदरांत पडत नव्हते. म्हणून 'जडी' सारख्या जाड्या, लवकर येणाऱ्या कपाशीनें बनीला हुसकून लावलें. पुढें शेतकी खात्यानेंहि पांढऱ्या फुलाच्या, जाड धाग्याच्या पण भरपूर उताऱ्याच्या 'रोझियम' जातीचा प्रसार केला. शेतकऱ्यानें मूर्खपणा केला असें नाहीं. ज्या गुणाला दाम नाहीं तो गुण कोण जोपासणार?

मग अन्न गेलें, आणि ही गोष्ट सर्वांत कठीण. रोकड पैसा कापसाचा, म्हणून ज्वारीच्या रानांत कापूस शिरला. गुरांचीं चराऊ रानें मोडलीं, उरलेल्या रानावर जंगलखात्याचा अंमल बसला, तेव्हां गुरें कमी झालीं आणि शेणखतहि उणें पडलें. पेवें रिकामीं राहूं लागलीं. कापूस विकून ज्वारी आणायची असा रिवाज पडला. चांगल्या सालीं तो बरा वाटे. पण १८९६-९७ सालीं आणि त्याहून भयंकर असा १८९९-१९०० सालीं दुष्काळ आला. ज्वारीचा भाव आभाळाला भिडला, कापूस तर खातां येत नाहीं, आणि पेवांत दाणा नाहीं! खडी फोडण्याच्या सरकारी कामावर माणसांच्या रांगा लागल्या. अन्नावांचून आणि पटकीनें हजारों माणसें मेलीं. जो मुलूख हिंदुस्थानांतला श्रीमंत कापूस-मुलूख म्हणून वाखाणला जाई त्या मुलुखांत हें घडलें. आगगाडी तेव्हां होती. गाडीनें धान्य येत होतें तसें जातहि होतें; गाडी कोणाचें पोट जाणत नाहीं, ती भाडें जाणते.

या सगळ्याच्या मुळाशीं जमिनीचा नवा कायदा होता. १८६१ पासून वऱ्हाडांत मुंबईच्या धर्तीची रयतवारी मोजणी सुरू झाली. शेतकरी खातेदार झाला, जमीन त्याच्या नांवें लागली, सारा तीस वर्षांसाठीं ठरला. मक्तेदाराच्या जाचांतून ही सुटकाच होती. परंतु जी जमीन नांवावर चढली ती गहाण टाकतां येऊं लागली आणि विकतांहि येऊं लागली. सारा रोख भरायचा, तोहि ठरल्या तारखेला. कापूस विकून पैसा हातीं येण्याच्या आधींच तगादा येई. मग सावकाराची पायरी. सावकार खतावर काय लिहितो तें खातेदाराला वाचतां येत नव्हतें. अंगठा उठला कीं शेत गेलें. पुणें-नगरकडच्या शेतकऱ्यांनीं १८७५ सालीं सुप्यास सावकारांचीं खतें जाळलीं, म्हणून सरकारनें १८७९ सालीं त्या भागासाठीं कायदा केला. वऱ्हाडला तो लागू नव्हता.

जोतीरावांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. त्यांत त्यांनीं नुसतें रडगाणें गायिलेलें नाहीं. विलायती मालानें कारागीर कसे बुडाले, जंगलखात्यानें चराई कशी बंद केली, आणि शेतकऱ्याच्या अज्ञानावर कारकून व सावकार कसे पोसले हें त्यांनीं दाखविलेंच. पण धरणें-बंधारे बांधा, जातिवंत जनावरें वाढवा, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतकीचें शिक्षण द्या, पिकांचीं प्रदर्शनें भरवून बक्षिसें द्या, असे उपायहि मांडले. यंत्रांना शिव्या देऊन ते थांबले नाहींत. विद्या हातीं नसल्यामुळें यंत्र परक्याच्या हातीं जातें, हें त्यांनीं ओळखलें होतें.

बाजाराची शिस्त लावण्याचा प्रयत्न आपल्या वऱ्हाडांतच पहिल्यानें झाला, हेंहि सांगितलें पाहिजे. १८८६ सालीं कारंज्याचा कापूस-बाजार सरकारी नियमांखालीं आला, आणि १८९७ सालीं वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. वजनमापें तपासलीं जाऊं लागलीं, हें चांगलें झालें. परंतु बाजाराच्या समित्यांवर वजन राहिलें व्यापाऱ्यांचें व अडत्यांचें. ज्याचा माल त्याची खुर्ची नाहीं! १९०३ सालीं मूर्तिजापूर-यवतमाळ आणि १९१७ सालीं नदीपलीकडे पुलगांव-आर्वी अशी अरुंद रुळांची गाडी धांवूं लागली. तिला लोक प्रेमानें शकुंतला म्हणूं लागले. पण ती विलायती भांडवलाची, मुख्यतः कापूस ओढण्यासाठीं घातलेली होती. आज ती बंद आहे. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ सालीं जमशेटजी टाटांनीं चालू केली. तीहि आज बंद आहे. गाड्या थांबल्या, गिरण्या थांबल्या, पण कपाशी थांबली नाहीं. ती दरसाल पेरली जातेच.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदींत कापसाचे भाव पुन्हां कोसळले. त्या संकटांत आपल्याच जिल्ह्यांतील पापळ गांवच्या शेतकऱ्याचा मुलगा उभा राहिला. भाऊसाहेब म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री असतां त्यांनीं कर्जबाजारी शेतकऱ्यांची बाजू लावून धरली, आणि १९३३ सालीं कर्ज-लवादाचा कायदा झाला. १९३२ सालीं त्यांनीं अमरावतीस श्रीशिवाजी शिक्षणसंस्था काढली. एका हातानें कर्ज तोडायचें आणि दुसऱ्या हातानें शाळा काढायची, हा त्यांचा मार्ग होता. कर्ज माफ झालें आणि अज्ञान तसेंच राहिलें तर कर्ज फिरून येतें, हें त्यांना पक्कें माहीत होतें. गाडगेबाबा सण-तेरवीसाठीं कर्ज काढूं नका असें गांवोगांव सांगत फिरले, आणि तुकडोजी महाराजांनीं आपल्याच तालुक्यांत मोझरीस राहून ग्रामोद्धाराची शिकवण दिली. हीं माणसें आपल्या मातींतलीं आहेत. त्यांचे फोटो लावून भागणार नाहीं.

स्वराज्यानंतरची हकीकत तुमच्यांतल्या पुष्कळांनीं डोळ्यांनीं पाहिली आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. १९६९ सालीं अकोल्यास कृषि विद्यापीठ झालें. १९७० सालीं सुरतेच्या केंद्रांत डॉ. सी. टी. पटेल यांनीं एच-४ हें संकरित कपाशीचें वाण दिलें. जगांत व्यापारी लागवडींत आलेलें तें पहिलें संकरित वाण. १९७२ पासून महाराष्ट्रांत कापूस एकाधिकार खरेदी आली, आणि कांहीं वर्षें शेतकऱ्याला ठरल्या भावाचा आधार मिळाला. पुढें ती मोडकळीस आली. संकरित बियाण्यानें पीक वाढलें, पण त्याची सरकी पेरून तसें पीक येत नाहीं. तेव्हां बियाणें दरसाल विकत घेणें आलें. २००२ सालीं बीटी कापसास परवानगी मिळाली. पहिलीं कांहीं वर्षें बोंडअळीच्या फवारण्या कमी झाल्या, हें खरें. पण शेंदरी बोंडअळीला त्याची संवय झाली आणि २०१७ सालीं तिनें विदर्भांत धुमाकूळ घातला. त्याच सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषानें शेतकरी आणि मजूर मेले. खताचीहि तीच कथा. हवेंतल्या नत्रापासून खताचा मूळ माल करणारा पहिला मोठा कारखाना १९१३ सालीं जर्मनींत निघाला. त्या विद्येनें जगाचें धान्य वाढलें, पण उकिरड्याची जागा दुकानानें घेतली. बैलाची जागा ट्रॅक्टरनें घेतली आणि पोळ्याला मातीचे बैल पुजण्याची पाळी कित्येक घरांवर आली.

आतां सहाचें गणित मांडून पाहा. बियाणें दुकानाचें, खत दुकानाचें, जोत भाड्याच्या ट्रॅक्टरचें, अवजार कारखान्याचें, अन्नाचा मोठा वांटा बाजाराचा आणि वस्त्र गिरणीचें. घरीं काय उरलें? जमीन, कष्ट आणि पाऊस चुकला तर नुकसान! खर्चाचा भाव दुकानदार ठरवितो, मालाचा भाव बाजार ठरवितो. २०२५ च्या ऑगस्टांत दिल्लींत परदेशी कापसावरची ११ टक्के जकात उठली, आणि ती सूट पुढें त्या वर्षाच्या अखेरपर्यंत वाढविली गेली. तेव्हां आपली कपाशी शेतांत फुलत होती. दीडशें वर्षांपूर्वीं लिव्हरपूलची तार होती, आज दिल्लीचा हुकूम आहे. बातमी मात्र शेतकऱ्याला अजूनहि सर्वांच्या शेवटीं लागते. या कोंडींत सांपडून आपल्या अमरावती-यवतमाळकडे कित्येक घरांतला कर्ता पुरुष आपल्याच हातानें गेला. ज्या घरांत हें झालें तेथलीं मुलें आमच्या शाळांतून बसतात. त्यांच्याकडे पाहून कोणाहि शिक्षकाला 'हें नशीब' असें म्हणवत नाहीं.

मग यंत्र मोडावें काय? मुळींच नाहीं. नदीपलीकडे सेवाग्रामांत १९३६ पासून महात्मा गांधी राहिले. त्यांनीं चरखा पुढें केला, आणि खेड्याचें काम खेड्यांत राहावें हा त्यामागचा विचार मोलाचा आहे. पण केवळ हातचरख्यानें आपलीं पोटें भरणार नाहींत. बायांना पुन्हां रेच्याला जुंपावें असें कोणी म्हणेल तर मी त्याला विरोध करीन. माझें म्हणणें एवढेंच कीं, चरख्यामागचा विचार यंत्राला लावा: यंत्र ठेवा आणि त्याचा धनी बदला. त्यासाठीं तीन गोष्टी सुचवितों.

पहिली गोष्ट, कापूस ओळखायला शिका. एक क्विंटल कापसांत रुई साधारण तेहतीस ते छत्तीस किलो निघते; बाकी सरकी आणि थोडी तूट. आतां एकाचा उतारा तेहतीस आहे आणि दुसऱ्याचा छत्तीस. दोघांनीं वीस वीस क्विंटल कापूस एकाच भावानें विकला. दुसऱ्याच्या कापसांत साठ किलो रुई जास्त होती. ज्याचे पैसे त्याला रुईच्या भावानें मिळावयाचे तें वजन सरकीच्या हिशोबांत गेलें, आणि त्यांतला फरक घेणाऱ्याच्या गल्ल्यांत पडला. चौथीच्या मुलाला येईल असा हा हिशोब आहे. पण तो आपण करीत नाहीं. आपल्या कापसाचा उतारा किती, हें विचारल्याशिवाय माल उतरवूं नका.

दुसरी गोष्ट, जिन आपलें करा. एकट्याच्यानें तें होणार नाहीं, पण दहा गांवांच्यानें होईल. सहकारी संस्था आहेत. २००२ च्या दुरुस्तीनंतर शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनीहि काढतां येते. कापूस विकूं नका, रुई विका, आणि सरकी आपल्या गुरांकडे आणा. पूर्वींच्या कित्येक सहकारी संस्था बुडाल्या हें मी जाणतों. त्या सहकारानें बुडाल्या नाहींत. सभासदांनीं ताळेबंद वाचला नाहीं म्हणून बुडाल्या. ज्या संस्थेच्या सभेला आपण फक्त जेवायला जातों ती संस्था आपली राहत नाहीं. आणि सभासद करतांना जात विचारूं नका. ज्याचे दोन एकर आहेत तो, आणि ज्याच्या नांवें एकहि एकर नाहीं पण जिनावर घाम गाळतो तो, दोघांचीं नांवें वहींत असलीं पाहिजेत. नाहींतर उद्यां आपणच नवे शेठजी होऊं.

तिसरी गोष्ट, पेव फिरून भरा. सगळें रान कापसाला किंवा सोयाबीनला देऊं नका. थोडी ज्वारी, तुरीचीं तासें आणि बांधावर कडधान्य ठेवा. कडब्यानें एखादी गाय जगेल, गायीनें उकिरडा जगेल. तूर-सोयाबीन निघाल्याबरोबर पडत्या भावांत विकण्याऐवजीं बाजार समितीच्या तारण योजनेंत ठेवून नड भागवितां येते, तिची चौकशी करा. स्वराज्यानंतर या देशांत १८९९ सारखी भूक आली नाहीं, रेशनचें धान्य आहे, हें खरें; पण ज्याच्या घरीं चार महिन्यांचा दाणा आहे तो व्यापाऱ्याला 'आज नाहीं, पुढल्या आठवड्यांत' असें म्हणूं शकतो. ज्याच्या घरीं दाणा नाहीं त्याला तें म्हणतां येत नाहीं.

आतां शेवटचें मागणें, आणि तें शिक्षक म्हणून माझें स्वतःचें आहे. दिवाळी आटोपली आणि वेचणी भरांत आली कीं वर्गांतलीं पोरें कमी होऊं लागतात, आणि सर्वांत आधीं पोरी. मजूर मिळत नाहीं, बोंड गळून चाललें, ही तुमची अडचण मला दिसते. पण हिशोब करा. पोरीनें दिवसभर वेचलेल्या कापसाची मजुरी किती, आणि न वाचतां आलेल्या एका कागदानें गेलेलें शेत किती रुपयांचें? ज्या घरांतली मुलगी हिशोबपट्टी वाचते त्या घरचा बाप बाजारांत फसत नाहीं. तुमच्या घरांत गेल्या हंगामाची कापसाची पट्टी असेल. येत्या रविवारीं ती घेऊन शाळेंत या. पोरापोरींना बसवून आपण ती ओळीनें वाचूं: वजन किती, भाव किती, तोलाई-हमाली किती, कडता कशाचा कापला आणि कोणत्या नियमानें. जें कळणार नाहीं तें कागदावर लिहून बाजार समितीला विचारूं. त्या सभेला मायबहिणींनीं अवश्य यावें. निंदण आणि वेचणी त्यांची, तर हिशोबहि त्यांचाच आहे.

 रविवारीं पट्टी विसरूं नका.